कॅन बसवर आयडी वाटण्यापूर्वी: प्राधान्यक्रम ठरवण्याची टप्प्याटप्प्याची रीत

कॅन बस म्हणजे वाहनांतले इलेक्ट्रॉनिक बोर्ड एकमेकांशी जोडणारे जाळे. तिच्या दोन तारांवर अनेक कंट्रोलर जोडलेले असतात, पण एका वेळी फ्रेम, म्हणजे संदेशाचा एक संच, एकाचीच जाऊ शकते. कोणाची जावी हे सांगणारा मध्यवर्ती पंच येथे नसतो. प्रत्येक फ्रेमच्या आरंभी असलेला आयडीच तिचे प्राधान्य ठरवतो, आणि आकडा जितका लहान तितके प्राधान्य वरचे. हा नियम बहुतेकांना पाठ असतो. तरीही प्रत्यक्ष कामात आयडी वाटले जातात ते बोर्ड ज्या क्रमाने तयार झाले त्या क्रमाने, किंवा कोणता बोर्ड अधिक महत्त्वाचा वाटतो त्यावरून. मग टेबलावर नीट चाललेली यंत्रणा गाडीत बसवल्यावर अधूनमधून अडखळते, आठवडाभर कनेक्टर आणि शील्डिंग तपासले जाते, आणि चूक निघते ती आकड्यांच्या वाटपात.

पुढील रीत ११ बिटांच्या आयडीच्या साध्या कॅनसाठी आहे. कॅन एफडी या नव्या, अधिक वेगवान प्रकारात आर्बिट्रेशन, म्हणजे बस कोणाला मिळेल याचा निवाडा, याच पद्धतीने होते, पण फ्रेमच्या वेळेचे गणित वेगळे असल्यामुळे येथील आकडे तेथे जसेच्या तसे वापरू नयेत. उदाहरणासाठी एक छोटे विद्युत वाहन घेतले आहे: त्यात बॅटरीचा बोर्ड, मोटर कंट्रोलर, पेडल वाचणारा बोर्ड आणि डॅशबोर्ड असे चार नोड, म्हणजे बसला जोडलेले बोर्ड, आहेत. सुरुवातीला बसचा वेग १२५ किलोबिट प्रतिसेकंद धरला आहे. तो पुरतो की नाही हे पाचव्या टप्प्यात कळेल.

टप्पा १: आर्बिट्रेशन बिटच्या पातळीवर समजून घ्या

कॅनवर शून्य हा बिट डॉमिनंट असतो आणि एक हा रिसेसिव्ह. एका नोडने शून्य आणि दुसऱ्याने त्याच क्षणी एक पाठवला, तर तारेवर शून्यच दिसतो. आयडी पाठवत असताना प्रत्येक नोड आपण पाठवलेला बिट तारेवरून परत वाचत असतो. स्वतः एक पाठवला आणि तारेवर शून्य दिसला, तर वरच्या प्राधान्याचा कोणीतरी बोलत आहे हे त्याला कळते. तो तिथल्या तिथे गप्प होतो आणि बस मोकळी झाल्यावर आपोआप पुन्हा प्रयत्न करतो. जिंकणाऱ्याची फ्रेम यात बिघडत नाही आणि तिला एका बिटचाही उशीर होत नाही.

समजा, हेक्स (षोडशमान) ०२० आणि हेक्स ०३० हे दोन आयडी एकाच क्षणी निघाले. पहिला आहे ००००० १००००० आणि दुसरा ००००० ११००००. पहिले सहा बिट दोघांचे सारखे असल्यामुळे तोवर दोन्ही नोडांना आपण एकटेच बोलत आहोत असे वाटते. सातव्या बिटला पहिला शून्य पाठवतो, दुसरा एक पाठवून शून्य वाचतो आणि थांबतो. ऑसिलोस्कोपवर मोजायला बसलात तर मात्र हा सातवा बिट तारेवर नववा दिसेल. फ्रेमच्या आरंभीचा बिटही शून्य असतो; तो आणि आयडीचे पहिले चार शून्य मिळून सलग पाच शून्य झाले की नियमाप्रमाणे मध्ये एक उलटा बिट भरला जातो. हा भरलेला बिट विसरल्यामुळे आयडी चुकीचा वाचणारे पुष्कळ असतात.

तपासणी: पुढे जाण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे स्वतःशी देऊन पाहावीत. एकाच आयडीची डेटा फ्रेम आणि रिमोट फ्रेम (डेटा मागणारी फ्रेम) भिडल्या तर कोण जिंकेल? डेटा फ्रेम. ११ बिटांचा आयडी आणि पहिले ११ बिट तेच असलेला २९ बिटांचा आयडी भिडले तर? ११ बिटांचा. तारेवर चालू असलेली कमी प्राधान्याची फ्रेम मध्येच तोडून वरची फ्रेम घुसू शकते का? नाही, ती संपेपर्यंत वरच्या फ्रेमलाही थांबावे लागते. या तिसऱ्या उत्तरावर पाचव्या टप्प्याचे सगळे गणित उभे आहे.

टप्पा २: संदेशांची यादी करा, बोर्डांची नव्हे

प्राधान्य संदेशाला असते, बोर्डाला नसते. एकाच बॅटरी बोर्डातून संपर्क तोडण्याची तातडीची सूचनाही निघते आणि सेलचे तापमानही निघते, आणि या दोहोंना शेजारचे आकडे देण्याचे काहीही कारण नाही. म्हणून आधी बोर्डांची नावे बाजूला ठेवून प्रत्येक संदेशासाठी चार गोष्टी लिहाव्यात: तो किती वेळाने निघतो, त्यात किती बाइट असतात, तो किती वेळात पोचलाच पाहिजे, आणि निघण्याच्या वेळेत किती डगमग असू शकते. या डगमगीला पुढे जिटर म्हटले आहे.

आपल्या वाहनाची यादी अशी होते. सर्व फ्रेम ८ बाइटांच्या धरल्या आहेत.

- बॅटरीचा संपर्क तोडण्याची सूचना: घटनेनुसार, पण दोन सूचनांत किमान ५० मिलिसेकंद, मुदत ४ मिलिसेकंद
- ब्रेक पेडलची स्थिती: दर ५ मिलिसेकंद, मुदत ५
- मोटरला टॉर्कची (फिरवण्याच्या जोराची) आज्ञा: दर १० मिलिसेकंद, मुदत १०
- मोटरचा वेग: दर १० मिलिसेकंद, मुदत १०
- बॅटरीचा करंट व व्होल्टेज: दर २० मिलिसेकंद, मुदत २०
- सेलचे आठ संदेश: प्रत्येकी दर १०० मिलिसेकंद, सगळे एकदम निघतात, मुदत १००
- डॅशबोर्डची माहिती: दर २०० मिलिसेकंद, मुदत २००

मुदत लिहिताना हात आखडता घेऊ नये आणि सैलही सोडू नये. 'लवकरात लवकर' ही मुदत नव्हे. संदेश उशिरा पोचल्यास नेमके काय बिघडते हे संबंधित काम करणाऱ्याला विचारून मिलिसेकंदांत आकडा घ्यावा. माझ्या मते सर्वाधिक वेळ याच टप्प्याला द्यावा, कारण पुढचे सगळे गणित यंत्रवत आहे आणि येथील चुकीचा आकडा ते निमूटपणे गिळते.

इशारा: घटनेनुसार निघणाऱ्या संदेशाला 'दोन संदेशांतील किमान अंतर' नसेल, तर त्याला वरचे प्राधान्य कधीही देऊ नये. बटणाचा खिळखिळा झालेला संपर्क सेकंदाला शेकडो सूचना पाठवू लागला की खालचे सर्व संदेश अडकून पडतात. हे किमान अंतर कागदावर ठेवून भागत नाही. पाठवणाऱ्या नोडच्या सॉफ्टवेअरमध्ये ते पाळले जात असल्याची खात्री करावी. आणीबाणीचे बटण केवळ कॅनवर अवलंबून ठेवू नये, त्याला स्वतंत्र तार असावी, हेही येथेच नोंदवून ठेवतो.

टप्पा ३: एका फ्रेमला किती वेळ लागतो ते काढा

येथे बहुतेक जण ८ बाइट म्हणजे ६४ बिट असे धरून मोकळे होतात. प्रत्यक्षात ११ बिटांच्या आयडीची ८ बाइटांची फ्रेम, तिच्यानंतरच्या ३ बिटांच्या सक्तीच्या अंतरासह, १११ बिटांची असते. त्यात सर्वांत वाईट परिस्थितीत २४ भरलेले बिट येतात, म्हणजे एकूण १३५. आयडी २९ बिटांचा असेल तर हाच आकडा १६० होतो. हिशेबात नेहमी हा मोठा आकडाच घ्यावा, कारण भरलेले बिट डेटावर अवलंबून असतात आणि डेटा तुमच्या हातात नसतो.

१२५ किलोबिट वेगाला एक बिट ८ मायक्रोसेकंदांचा असतो, म्हणून १३५ बिटांना १.०८ मिलिसेकंद लागतात. २५० किलोबिटला हा वेळ ०.५४, ५०० किलोबिटला ०.२७ मिलिसेकंद होतो.

प्रत्येक संदेशाचा वेळ भागिले त्याचा कालावधी, अशी बेरीज केली की बसवरचा भार निघतो. आपल्या यादीत ब्रेकचा २१.६ टक्के, टॉर्क व वेग यांचा प्रत्येकी १०.८, सेलचा एकत्रित ८.६४, बॅटरीचा ५.४, तोडण्याच्या सूचनेचा २.१६ आणि डॅशबोर्डचा ०.५४, असा एकूण सुमारे ६० टक्के भार येतो. हा आकडा शंभराच्या वर गेला तर पुढे जाण्यात अर्थ नाही. तो शंभराखाली आहे म्हणून सर्व संदेश वेळेवर पोचतील असे मात्र अजिबात नाही.

टप्पा ४: मुदतीनुसार क्रम लावा

ज्या संदेशाची मुदत सर्वांत कमी, तो सर्वांत वर. जिटर मोठा असेल तर मुदतीतून जिटर वजा करून आलेल्या आकड्यानुसार क्रम लावावा. आपली यादी वर मुद्दाम याच क्रमाने लिहिली आहे. टॉर्कची आज्ञा आणि मोटरचा वेग यांची मुदत सारखी आहे. तिथे कोणालाही वर ठेवता येईल, मी आज्ञेला वर ठेवतो.

फ्रेमच्या लांबीत फार तफावत असेल, तर हा साधा क्रम दर वेळी सर्वोत्तम ठरत नाही. तेव्हा ऑड्स्ले यांची रीत वापरावी, म्हणजे क्रम खालून वर लावावा: सर्वांत खालच्या जागेवर एकेक संदेश ठेवून पाहावा, ज्याची मुदत तिथेही पाळली जाते त्याला ती जागा द्यावी, आणि उरलेल्यांसाठी हेच पुन्हा करावे. सारख्या लांबीच्या फ्रेम असताना याची गरज नाही.

आता नेहमीची चूक आकड्यांत पाहू. बॅटरी हा वाहनातला सर्वांत धोक्याचा भाग, म्हणून तिच्या बोर्डाला सर्वांत लहान आकड्यांचा सलग गट दिला, असे समजा. तोडण्याची सूचना, करंट-व्होल्टेज आणि सेलचे आठ संदेश असे दहाही संदेश ब्रेकच्या वर गेले. वाईट क्षणी ब्रेकच्या फ्रेमला आधी तारेवर असलेली एक फ्रेम, मग या दहा फ्रेम, आणि मग स्वतःची फ्रेम, असे बारा वेळा १.०८, म्हणजे १२.९६ मिलिसेकंद लागतात. मुदत होती ५. तोवर पेडलची आणखी दोन मोजमापे तयार झालेली असतात. शिवाय हे क्वचित घडणारे नाही: सेलच्या आठ फ्रेमची रांग तारेवर किमान ७ मिलिसेकंद चालते, म्हणजे दर ५ मिलिसेकंदांनी निघणाऱ्या संदेशाला ती दर वेळी गाठतेच. भार मात्र तोच, ६० टक्के. केवळ भार पाहून समाधान मानणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

टप्पा ५: प्रत्येक संदेशाचा सर्वाधिक उशीर मोजा

उशिराचे तीन भाग असतात. पहिला, आधीच तारेवर असलेली कमी प्राधान्याची फ्रेम संपण्याचा वेळ. यासाठी खालच्या फ्रेमपैकी सर्वांत लांब फ्रेमचा वेळ आणि या संदेशाचा स्वतःचा वेळ, यांतला मोठा आकडा घ्यावा. दुसरा, वाट पाहत असताना वरच्या प्राधान्याच्या जितक्या फ्रेम येऊ शकतील त्या सर्वांचा वेळ. तिसरा, स्वतःच्या फ्रेमचा वेळ. जिटर असेल तर तोही शेवटी मिळवावा.

'मोठा आकडा घ्यावा' ही अट गाळू नये. हे गणित १९९४ मध्ये टिंडेल आणि बर्न्स यांनी या अटीविना मांडले, आणि काही परिस्थितींत ते प्रत्यक्षाहून कमी उशीर दाखवते हे डेव्हिस, बर्न्स, ब्रिल व लुक्किएन यांनी २००७ मध्ये दाखवून दिले. जुन्या सूत्रावर बेतलेल्या एक्सेल फायली अजूनही हातोहात फिरत असतात. मुदत कालावधीहून मोठी नसेल, तर वरची अट पाळून आलेले उत्तर सुरक्षित बाजूचे असते.

दुसरा भाग एका फटक्यात निघत नाही. बॅटरीच्या करंट-व्होल्टेजचा संदेश घेऊ. अडथळ्याचे १.०८ आणि वरच्या चारही संदेशांची प्रत्येकी एक फ्रेम मिळून वाट पाहण्याचा काळ ५.४० मिलिसेकंद होतो. पण ५.४० मिलिसेकंदांत ब्रेकचा संदेश एकदा नव्हे, दोनदा निघू शकतो, कारण तो दर ५ ला आहे. म्हणून आणखी १.०८ मिळवून ६.४८. आता ६.४८ मध्ये कोणाची फ्रेम वाढते का? नाही. आकडा स्थिरावला. त्यात स्वतःचे १.०८ मिळवून उत्तर ७.५६ मिलिसेकंद, मुदत २०, म्हणजे ठीक. आकडा स्थिरावेपर्यंत किंवा मुदत ओलांडेपर्यंत हे करत राहावे लागते, आणि पहिल्या फेरीलाच थांबणे ही येथील सर्वांत नेहमीची चूक आहे.

जिटर शून्य धरून इतर उत्तरे अशी येतात: तोडण्याची सूचना २.१६, ब्रेक ३.२४, टॉर्क ४.३२, वेग ५.४०, आणि सेलचा शेवटचा संदेश २०.५२ मिलिसेकंद. सर्व मुदतीत बसतात.

एवढ्यावर खूश होऊ नये, कारण अजून बसवर एकही चूक झालेली नाही. मोटरच्या इन्व्हर्टरशेजारून जाणाऱ्या तारेवर एखादी फ्रेम बिघडणारच. एक फ्रेम बिघडली की ती पुन्हा पाठवण्याचा वेळ आणि चूक जाहीर होऊन बस सावरेपर्यंतचे जास्तीत जास्त ३१ बिट, असा १२५ किलोबिटला सुमारे १.३३ मिलिसेकंदांचा भुर्दंड पडतो. एका चुकीसह तोडण्याची सूचना ३.४९ वर जाते आणि ब्रेक ४.५७ वर, दोन्ही कशीबशी मुदतीत राहतात. दोन चुका लागोपाठ झाल्या तर दोन्ही मुदती चुकतात. अशा ठिकाणी मी प्राधान्याशी खेळत बसत नाही. क्रम बरोबर आहे, वेग अपुरा आहे. वेग २५० किलोबिट केला की सगळे आकडे निम्म्यावर येतात आणि दोन चुका पोटात घालूनही मुदती पाळल्या जातात. येथून पुढे आपली बस २५० किलोबिटची आहे असे धरू.

तपासणी: प्रत्येक संदेशासमोर दोन आकडे असावेत, चुकीविना उशीर आणि ठरवलेल्या चुकांसह उशीर. दुसरा आकडा मुदतीच्या आत नसलेला एकही संदेश असेल तर आयडी देण्याकडे वळू नये.

टप्पा ६: आता आकडे द्या, पण मोकळी जागा ठेवून

आपल्या क्रमानुसार तोडण्याच्या सूचनेला हेक्स ०१०, ब्रेकला ०२०, टॉर्कला ०३०, वेगाला ०४०, बॅटरीला ०६०, सेलच्या संदेशांना १०० ते १०७ आणि डॅशबोर्डला ४०० असे आकडे देता येतील. मधल्या जागा मोकळ्या ठेवण्याचे कारण उघड आहे: उद्या ब्रेक आणि टॉर्क यांच्यामध्ये एखादा संदेश आला तर बाकीच्या सर्व बोर्डांचे सॉफ्टवेअर बदलावे लागू नये. शून्य हा आयडी वापरू नये, तो राखून ठेवावा. दुसऱ्या टोकाला, दशमान २०३२ ते २०४७ हे आयडी टाळावेत, कॅन २.० च्या मूळ नियमात आयडीचे वरचे सात बिट सगळेच रिसेसिव्ह असण्यास मनाई होती आणि काही जुने कंट्रोलर ती पाळतात.

इशारा: एक आयडी दोन नोडांनी कधीही पाठवू नये. दोघे एकाच क्षणी निघाले तर आयडी संपेपर्यंत कोणीच हरत नाही, दोघेही डेटात शिरतात आणि तिथे बिट न जुळल्यामुळे चूक जाहीर होते. दोघेही पुन्हा एकदमच प्रयत्न करतात आणि पुन्हा आदळतात. प्रत्येक वेळी दोघांच्या चुकांच्या गणकात ८ ची भर पडते, आणि गणक १२८ ला पोचला की नोड एरर पॅसिव्ह होतो, म्हणजे चूक दिसली तरी इतरांची फ्रेम तोडून ती जाहीर करू शकत नाही. टेबलावर हे क्वचित दिसते, कारण दोघांची वेळ नेमकी जुळावी लागते. एकाच बॅचचे दोन सारखे बोर्ड बसवताना, दुसऱ्याचा आयडी बदलायचा राहून गेल्याने हे हमखास होते.

तयार प्रोटोकॉल वापरत असाल तर आकड्यांची मोकळीक कमी असते. कॅनओपनमध्ये नेटवर्क नियंत्रणाचा संदेश शून्यावर, सिंक (सर्वांची वेळ जुळवणारा संदेश) हेक्स ०८० वर आणि तातडीचे संदेश त्याच्या लगेच पुढे ठरलेले असतात. ट्रक आणि ट्रॅक्टरमधल्या जे१९३९ मध्ये प्राधान्याचे वेगळे तीन बिट असतात, शून्य सर्वांत वर आणि सात सर्वांत खाली. तिथे एक गैरसमज फार पसरलेला आहे: दोन संदेशांचे हे तीन बिट सारखे असले की त्यांचे प्राधान्य सारखे, असा. आर्बिट्रेशन पूर्ण २९ बिटांवर चालते, त्यामुळे पुढचे बिट, आणि सर्वांत शेवटी पाठवणाऱ्याचा पत्तासुद्धा, कोणीतरी एकच जिंकेल याची खात्री करतात.

टप्पा ७: कंट्रोलरच्या आतली रांग तपासा

हा टप्पा बहुतेक मार्गदर्शकांत नसतो आणि अडचणी बहुतेक येथेच असतात. वरचे सगळे गणित असे गृहीत धरते की प्रत्येक नोड आपल्याकडच्या फ्रेमपैकी सर्वांत वरच्या प्राधान्याची फ्रेमच स्पर्धेत उतरवतो. कंट्रोलर तसे करतोच असे नाही.

एमसीपी२५१५ या कॅन कंट्रोलर चिपमध्ये पाठवण्याचे तीन बफर, म्हणजे फ्रेम थांबवून ठेवण्याच्या जागा, असतात. त्यांच्यातला क्रम आयडीवरून ठरत नाही, प्रत्येक बफरच्या नियंत्रण रजिस्टरमधल्या प्राधान्याच्या दोन बिटांवरून ठरतो. ते बिट सारखे ठेवले तर मोठ्या क्रमांकाचा बफर आधी जातो, म्हणजे बफर दोन, मग एक, मग शून्य. ड्रायव्हर जर शून्यापासून भरत गेला असेल, तर आधी दिलेली फ्रेम शेवटी निघू शकते, मग तिचा आयडी काहीही असो.

एसटीएम३२ या मायक्रोकंट्रोलरच्या बीएक्सकॅन कंट्रोलरमध्ये अशाच जागा असतात, तीन मेलबॉक्स. तिथे आयडीनुसार क्रम की दिलेल्या क्रमाने पाठवणे, हे एका बिटवर अवलंबून असते. रीसेटनंतर क्रम आयडीनुसारच असतो. पण काही तयार कोडमध्ये 'ट्रान्समिट फिफो प्रायॉरिटी' चालू करून ठेवलेली असते आणि तिच्या नावावरून ती प्राधान्य पाळते असा समज होतो. ती पाळते फक्त रांग.

आयडीनुसार क्रम लावला तरी एक अडचण उरते. सेलच्या आठ फ्रेम एकदम दिल्या की तीनही मेलबॉक्स भरतात. त्याच क्षणी तोडण्याची सूचना आली तर ती सॉफ्टवेअरमध्येच थांबते, स्पर्धेत उतरतच नाही. आणि सेलच्या फ्रेमला बसवर इतर बोर्डांचे वरचे संदेश मागे ढकलत असतात. अशा रीतीने सर्वांत वरचा संदेश सर्वांत खालच्या संदेशाच्या मागे अडकतो. उपाय दोन आहेत: एक मेलबॉक्स तातडीच्या संदेशासाठी राखून ठेवावा, किंवा वरचा संदेश आला की सर्वांत खालच्या प्राधान्याची थांबलेली फ्रेम रद्द करून जागा मोकळी करावी आणि ती नंतर पुन्हा द्यावी. पहिला उपाय सोपा आहे आणि छोट्या यंत्रणेत तोच करावा. लिनक्सवर काम करत असाल तर तिथली नेहमीची रांगही आधी आलेली फ्रेम आधी पाठवणारी असते, हे ध्यानात ठेवावे.

इशारा: फ्रेम आपोआप पुन्हा पाठवण्याची सोय बंद आहे का ते पाहावे. टेबलावर एकटाच बोर्ड चालवताना, पोच देणारे कोणी नसल्यामुळे फ्रेम पुन्हा पुन्हा जात राहते. ते थांबवण्यासाठी ही सोय बंद केली जाते आणि तशीच राहून जाते. मग प्रत्यक्ष बसवर आर्बिट्रेशन हरलेली फ्रेम पुन्हा निघतच नाही. वरचे संदेश सुरळीत आणि खालचे अधूनमधून गायब, अशी तक्रार आली की सर्वांत आधी हेच तपासावे.

टप्पा ८: तार

एका बिटच्या वेळेत सिग्नल बसच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाऊन परत आला पाहिजे, तरच हरलेल्या नोडला हरल्याचे वेळेत कळते. म्हणून वेग वाढला की लांबी घटते: १ मेगाबिटला सुमारे ४० मीटर, ५०० किलोबिटला १००, २५० ला २५०. छोट्या वाहनात लांबीची अडचण येत नाही. अडचण येते टोकाच्या रोधांची आणि फाट्यांची. वीज बंद करून दोन तारांमध्ये ओहम मोजावेत. दोन टोकांना १२० ओहमचे दोन रोध असतील तर ६० च्या आसपास आकडा येतो. १२० आला तर एक रोध नाही, ४० आला तर तिसरा कोणीतरी बसवला आहे, आणि तो बहुधा एखाद्या विकतच्या मॉड्यूलवर आधीपासूनच असतो. मुख्य तारेपासून नोडपर्यंतचे फाटे शक्य तितके आखूड ठेवावेत. बिट नेमका कोणत्या क्षणी वाचायचा तो बिंदू सर्व नोडांवर सारखा, साधारण ८७.५ टक्क्यांवर ठेवावा.

टप्पा ९: कसोटी घ्या, तीन वेगवेगळ्या प्रकारे

पहिल्या कसोटीत एक जादा नोड जोडून त्यावरून हेक्स ७०० अशा सर्वांत खालच्या आयडीच्या ८ बाइटांच्या फ्रेम अखंड पाठवाव्यात. बसवरचा भार शंभर टक्क्यांजवळ जाईल, पण आपला एकही संदेश मुदत चुकता कामा नये, कारण खालून येणारा अडथळा एकाच फ्रेमचा असतो आणि तो गणितात धरलेला आहे. लिनक्सवर कॅनजेन या साधनाने असा पूर आणता येतो आणि कॅनडंप या फ्रेम टिपणाऱ्या साधनाच्या वेळेच्या नोंदींवरून अंतर मोजता येते. २५० किलोबिटला ब्रेकच्या फ्रेमचा उशीर ०.४४ ते १.६२ मिलिसेकंदांच्या आत असायला हवा, म्हणजे लागोपाठच्या दोन फ्रेममधले अंतर ५ पासून साधारण १.२ मिलिसेकंद इकडेतिकडे होऊ शकते. त्याहून अधिक दिसले तर आधी पाठवणाऱ्या बोर्डाचा टायमर पाहावा, मग बसकडे वळावे.

दुसऱ्या कसोटीत हाच पूर बॅटरीच्या बोर्डातूनच निघेल अशी व्यवस्था करावी आणि त्याच वेळी तोडण्याची सूचना द्यावी. पहिली कसोटी तारेवरची स्पर्धा तपासते. बोर्डाच्या आतली रांग फक्त या दुसऱ्या कसोटीत उघडी पडते. पहिलीत उत्तीर्ण आणि दुसरीत नापास झालेली यंत्रणा आढळली तर सातव्या टप्प्याकडे परत जावे.

तिसऱ्या कसोटीत हेक्स ००१ चा पूर आणावा. आता सर्व संदेश अडकतील, आणि ते अपेक्षितच आहे. बडबडणाऱ्या नोडपुढे प्राधान्याची कोणतीही मांडणी टिकत नाही. येथे पाहायचे ते हे की ठरलेल्या वेळेत टॉर्कची आज्ञा न आल्यास मोटर कंट्रोलर स्वतःहून टॉर्क शून्यावर आणतो की शेवटची आज्ञा धरून बसतो. ही कसोटी चाके जमिनीवरून उचलूनच घ्यावी.

तपासणी: कसोटीच्या वेळी नोंद घेणारे यंत्र 'फक्त ऐका' या स्थितीत असेल आणि बसवर चालू नोड एकच असेल, तर पोच कोणीच देत नाही आणि तीच फ्रेम अखंड पुन्हा जात राहते. हा पूर कसोटीचा निकाल समजू नये.

टप्पा १०: नवा संदेश आला की

नवा संदेश मोकळ्या जागेत बसला म्हणजे काम संपले असे नव्हे. त्याच्या खालच्या प्रत्येक संदेशाचा उशीर वाढतो, म्हणून त्या सर्वांचे गणित पुन्हा करावे. वरच्यांचा उशीर बहुतेक वेळा तोच राहतो, पण नवी फ्रेम खालच्या आजवरच्या सर्व फ्रेमहून लांब असेल, उदाहरणार्थ २९ बिटांच्या आयडीची, तर वरच्यांच्या वाट्याला येणारा अडथळाही १३५ वरून १६० बिटांचा होतो. हे विसरले जाते, कारण सर्वांत खाली भर घातल्याने सर्वांत वर काही बदलेल अशी शंका कोणाला येत नाही. विकतचा चार्जर जोडताना नेमके हेच घडते: तो २९ बिटांचे आयडी आणि स्वतःचे कालावधी घेऊन येतो आणि ते बदलता येत नाहीत. म्हणून चार्जरची निवड करतानाच त्याच्या संदेशांची यादी मागून घ्यावी आणि ती आपल्या यादीत मिसळून पाचवा टप्पा पुन्हा करावा. आयडी, कालावधी, मुदत आणि मोजलेला उशीर यांची ही एकच यादी सॉफ्टवेअरच्या कोडबरोबरच जपावी, आणि आयडीचे आकडे कोडमध्ये हाताने न लिहिता याच यादीतून तयार करून घ्यावेत.